बीटल्सवरचं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर

निपाणीहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: इंजिनीअरिंगसाठी बेळगावात असताना होस्टेलवर बीटल्स कानावर पडले, तेव्हापासून सुटलेले नाहीत. आता त्यांच्यावरचं एखादं चांगलं पुस्तक घरात हवं. पण ऑनलाइन बघायला गेलं की शेकड्यानं पुस्तकं दिसतात आणि जवळजवळ सगळ्यांना साडेचार तारे. तीन हजारांच्या आत, इंग्रजी फार जड नसलेलं, असं काय घ्यावं? बायको क्वीन या बँडची भक्त आहे, तिच्यासाठीही एक सुचवा. आणि जे महाग आणि जाडजूड, तेच जास्त चांगलं, असं काही असतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नसतं. बाकीच्यांना वेळ लागेल.

बेळगावच्या टिळकवाडीत माझं नव्या-जुन्या इंग्रजी पुस्तकांचं दुकान आहे. कॅम्पातली मंडळी, चोर्ला घाटानं गोव्याला जाता-येता थांबणारे, कॉलेजची पोरं, असं गिऱ्हाईक असल्यामुळे रॉकवरच्या पुस्तकांचा कप्पा न ठरवता वाढत गेला. विकत घेताना मी ती चाळतो, परत आलेली जास्त बारकाईनं चाळतो. कुठलं पुस्तक लोक वाचून ठेवून घेतात आणि कुठलं महिन्याभरात निम्म्या किमतीला परत आणून देतात, हे या धंद्यात चांगलं कळतं. जे सांगतोय ते त्यातून आलेलं आहे.

ताऱ्यांचं आधी डोक्यातून काढा. चाहता पाच तारे देतो ते बँडला. पुस्तक भिकार असलं तरी त्यात जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी आहेत, एवढ्यावर माणूस खूश असतो. उलट ज्या पुस्तकानं लाडक्या गायकाबद्दल एखादी कडू गोष्ट पुराव्यासह सांगितली, त्याला चिडून एक तारा. दोन्ही निकाल पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत.

मग बघायचं काय? मी एकच प्रश्न विचारतो, आणि तो पानापानाला विचारतो: हे याला कळलं कसं? लेखक स्वतः त्या खोलीत होता? खोलीत असलेल्या माणसाला भेटला? त्या दिवसाचा कागद, करारपत्र, स्टुडिओची नोंद त्यानं बघितली? की दुसऱ्या कुणी लिहिलेलं पुस्तक वाचून हा सांगतोय? यातला शेवटचा प्रकारसुद्धा वाईट नाही, फक्त लेखकानं ते लपवता कामा नये. आपल्याला पु. लं.चे रावसाहेब खरे वाटतात, कारण लिहिणारा त्या माणसाबरोबर बसलेला, हसलेला आणि त्याच्या शिव्या ऐकलेला आहे हे ओळीओळीत जाणवतं. तीच कसोटी लिव्हरपूलच्या चार पोरांना लावायची.

उदाहरण म्हणून हृषीकेश घेऊ, कारण ते प्रकरण बीटल्सवरच्या झाडून सगळ्या पुस्तकांत असतं. फेब्रुवारी १९६८ मध्ये जॉन, पॉल, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार असे चौघे महर्षी महेश योगींच्या आश्रमात आले. रिंगो दहा-एक दिवसांत परतला, त्याला जेवण मानवेना. पॉल महिन्याभरानं गेला. जॉन आणि जॉर्ज एप्रिलपर्यंत थांबले आणि मग एकाएकी गाशा गुंडाळून निघाले. एकाएकी का? आश्रमातल्या एका स्त्रीशी महर्षी गैर वागले अशी कुजबुज उठली, म्हणून. आता पुस्तक उघडून हा प्रसंग काढा. काही लेखक तो असा लिहितात की जणू ते खिडकीबाहेर उभे होते. असं पुस्तक तिथंच मिटावं. चांगला लेखक सांगतो की ही बातमी मुख्यतः अलेक्स मार्डास नावाच्या जॉनच्या एका मित्रानं पसरवली, जॉनच्या तेव्हाच्या बायकोला, सिंथियाला, त्या माणसाबद्दलच शंका होती, आरोप कधी सिद्ध झाला नाही, आणि पुढे जॉर्ज व पॉल दोघांनीही तो खोटा मानला. म्हणजे कोण म्हणालं, कधी म्हणालं, त्यात त्याचा काय स्वार्थ होता, हे वाचकाच्या हाती ठेवलं. निर्णय आपण करायचा. हृषीकेशची चार पानं वाचायला दहा मिनिटं लागतात आणि सहाशे पानांचा निकाल लागतो.

आता एकेक पुस्तक.

हंटर डेव्हिसचं 'द बीटल्स' १९६८ सालचं. बँड चालू असताना, बँडच्या संमतीनं लिहिलेलं एकमेव चरित्र. हा पत्रकार त्यांच्या घरी जाऊन बसायचा, आईवडिलांना भेटायचा, स्टुडिओत असायचा. 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' हे गाणं पॉलच्या घरी जॉन आणि पॉल जुळवत होते तेव्हा तो तिथंच होता, आणि ते त्यानं लिहून ठेवलंय: एक ओळ सुचते, जमत नाही, मध्येच भलतंच काहीतरी वाजवत बसतात, पुन्हा त्याच ओळीवर येतात. गाणं तयार होताना असं बघायला मिळणं दुर्मीळ. पुढे आलेल्या कुठल्याही लेखकाला ती दुपार पुन्हा मिळणार नाही.

पण संमतीची किंमत असते. जॉनला वाढवणाऱ्या मिमीमावशीला त्याच्या बालपणाचा भाग पसंत पडला नाही आणि तिच्या समाधानासाठी मजकूर सौम्य करावा लागला. मॅनेजर ब्रायन एपस्टाइन समलैंगिक होता, ही गोष्ट त्या काळात उघड लिहिण्यासारखी नव्हती. इंग्लंडात १९६७ पर्यंत तो गुन्हा होता, आणि एपस्टाइन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला. नंतरच्या आवृत्त्यांत डेव्हिसनं नव्या प्रस्तावना जोडून काय काय गाळलं होतं ते स्वतःच सांगितलंय. म्हणून हे पुस्तक घ्याल तर नंतरची आवृत्तीच घ्या. जुनी पहिली आवृत्ती संग्राहकांना लखलाभ. इंग्रजी एकदम सोपं, वर्तमानपत्री.

फिलिप नॉर्मनचं 'शाउट!' १९८१ मध्ये आलं. जॉनचा खून ८ डिसेंबर १९८० ला झाला होता, जखम ओली होती. पुस्तक झपाटून वाचवतं, लिहिणाऱ्याची लेखणी धारदार आहे, पण तराजूचं एक पारडं पहिल्यापासून खाली: जॉन म्हणजे प्रतिभा, पॉल म्हणजे गोडबोल्या. गंमत अशी की याच नॉर्मननं पुढे २०१६ मध्ये पॉलचं मोठं चरित्र लिहिलं आणि आपण पॉलवर अन्याय केला होता हे कबूल केलं. 'शाउट!' वाचायचं असेल तर दुसरं-तिसरं म्हणून वाचा. पहिलंच ते वाचलेली माणसं आयुष्यभर पॉलकडे तिरक्या नजरेनं बघतात, असं मी पाहिलंय. अल्बर्ट गोल्डमनचं १९८८ सालचं जॉनचं चरित्र तर सोडूनच द्या. चिखलफेक किती जाडजूड असू शकते याचा तो नमुना.

आता मार्क लुइसन. या माणसाबद्दल जरा सविस्तर सांगतो. 'हे कळलं कसं' या प्रश्नाला घाबरत नाही असा बीटल्सवरचा लेखक म्हणजे हा. १९८८ मध्ये त्याचं 'द कंप्लीट बीटल्स रेकॉर्डिंग सेशन्स' आलं. अॅबी रोड स्टुडिओच्या कपाटातल्या मूळ टेप त्याला ऐकायला मिळाल्या, नोंदी बघायला मिळाल्या, आणि कुठल्या तारखेला कुठलं गाणं कितव्या टेकला पक्कं झालं याचा रोजनिशीसारखा हिशेब त्यानं मांडला. मग २०१३ मध्ये 'ट्यून इन' आलं, तीन खंडांच्या चरित्राचा पहिला खंड. नऊशेच्या पुढे पानं, आणि कथा कुठं संपते? १९६२ च्या डिसेंबरात! म्हणजे बीटल्स जगाला माहीत होण्याआधीच. विस्तारित आवृत्ती तर सतराशेहून अधिक पानांची, दोन भागांत. पुढच्या खंडाची वाट बघत लोकांचे केस पिकले.

एवढ्या पानांत असतं काय, तर असं बघा. सगळीकडे लिहिलेली गोष्ट अशी: ६ जून १९६२ ला ही पोरं ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत आली, निर्माता जॉर्ज मार्टिननं त्यांना ऐकलं, त्यांच्या थट्टामस्करीवर तो खूश झाला आणि त्यांना करार मिळाला. ऐकायला छान. लुइसननं कागद काढले. करारपत्र त्या दिवसाच्या आधीच, मे महिन्यात, टाइप झालेलं होतं. मग आणखी खणलं तेव्हा दिसलं की ईएमआयच्याच गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या शाखेला जॉन-पॉलच्या गाण्यांत रस होता, तिथून दबाव आला, आणि मार्टिनच्या गळ्यात हा बँड बऱ्यापैकी नाइलाजानं पडला. प्रेम जडलं ते नंतर. एका तारखेनं पन्नास वर्षं घोटलेली गोष्ट उलटी झाली. मला असली पानं वाचताना रहस्यकथेची मजा येते. ज्यांना येत नाही त्यांना हे पुस्तक म्हणजे शिक्षा आहे. लिव्हरपूलच्या एकेका क्लबची, एकेका कामगार कुटुंबाची माहिती शंभर-शंभर पानं चालते. पुस्तक पहिल्या दर्जाचं आहे, खरं पहिलंच म्हणून घेऊ नका.

इयान मॅकडोनाल्डचं 'रिव्हॉल्यूशन इन द हेड' हे दुसऱ्याच जातीचं. पहिली आवृत्ती १९९४ ची. चरित्र नाही, बीटल्सनं रेकॉर्ड केलेलं एकेक गाणं, रेकॉर्डिंगच्या क्रमानं, आणि प्रत्येकावर कुठं अर्धं पान, कुठं पाच-सहा पानं. गाण्याची रचना, कोणी काय वाजवलं, त्या वर्षी इंग्लंडात काय चाललं होतं, आणि लेखकाचं मत. मत म्हणजे अगदी रोखठोक. 'अॅक्रॉस द युनिव्हर्स' त्याला आवडत नाही, 'हेल्टर स्केल्टर'ला त्यानं झोडपलंय. तुम्ही चिडाल, आणि चिडून गाणं पुन्हा लावाल. मॅकडोनाल्डला हे कळलं कसं? त्यानं कान देऊन ऐकलं, एवढंच त्याचं भांडवल, आणि ते तुमच्याकडेही आहे. म्हणून त्याच्याशी बरोबरीनं भांडता येतं. तो पानापानावर पडताळून बघण्यासारखं काहीतरी देतो.

याचं इंग्रजी जरा चढं आहे आणि संगीतशास्त्राचे शब्द येतात, हे खरं. पण आपल्या भागात घराघरांत कुणीतरी पेटी शिकलेलं असतं, त्यामुळे एक किल्ली सांगून ठेवतो. पाश्चात्त्यांच्या 'मोड'ची नावं दिसली की बिचकायचं नाही. आयोनियन म्हणजे बिलावल, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, डोरियन म्हणजे काफी, एओलियन म्हणजे आसावरी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण. थाटापुरतं हे बरोबर जुळतं, रागाचं चलन वेगळं. १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड'वर कुणी लिहिलं की हे मिक्सोलिडियन आहे आणि मधल्या तुकड्यात डोरियनकडे जातं, तर पेटीवर वाजवून बघा: तोंडाला खमाजाचा शुद्ध गंधार आणि कोमल निषाद, मधल्या भागात गंधार कोमल झाला की काफी. जॉर्जची सतार त्या गाण्यात परकी का वाटत नाही, याचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं. माझ्याकडून हे पुस्तक नेलेल्या एका पेटी शिकवणाऱ्या बाईंना मी एवढंच सांगितलं होतं. त्यांनी नंतर समासात थाटांची नावं लिहून भरून काढली. ते परत विकायला आलेलं नाही.

बाकीच्यांवर फार वेळ घालवत नाही. २००० सालचं 'अँथॉलॉजी' म्हणजे लग्नाचा अल्बम: मोठं, देखणं, घरच्यांनीच आपल्याबद्दल सांगितलेलं, भांडणं जमतील तेवढी झाकलेली. जॉनचा मजकूर जुन्या मुलाखतींतून जोडलाय. रेकॉर्डिंग इंजिनीअर जेफ एमरिकचं २००६ चं पुस्तक तांत्रिक बाजू आवडणाऱ्यांना गुंगवतं, पण चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद त्याला शब्दशः कसे आठवतात असा प्रश्न पडतोच, आणि केन स्कॉट या दुसऱ्या इंजिनीअरनं त्याच्या आठवणींवर उघड आक्षेपही घेतले. क्रेग ब्राउनचं 'वन टू थ्री फोर' २०२० मध्ये आलं, त्याला बेली गिफर्ड पुरस्कार मिळाला. हा लेखक कुणाला विशेष भेटलेला नाही, दुसऱ्यांची पुस्तकं वाचूनच लिहितो, आणि ते लपवत नाही. उलट एकाच प्रसंगाच्या पाच साक्षी शेजारी शेजारी ठेवून त्या कशा जुळत नाहीत ते दाखवतो. हसत हसत वाचून होतं. अजय बोसचं 'अॅक्रॉस द युनिव्हर्स' २०१८ चं, भारतातच छापलेलं, म्हणून किंमतही आपल्या खिशाची. बीटल्स आणि भारत एवढाच त्याचा विषय, आणि हृषीकेश प्रकरण सांगोपांग हवं असेल तर हे.

पुस्तक पारखायची आणखी एक युक्ती मी वापरतो. लेखकाला आपल्या गल्लीत गाठायचं. लिव्हरपूलच्या गल्ल्या त्याला माहीत, आपल्याला नाहीत. तिथं तो काहीही सांगेल ते आपण ऐकून घेणार. म्हणून जिथं आपल्याला थोडं जास्त कळतं, ती पानं काढायची. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये 'लव्ह यू टू' नावाचं जॉर्जचं गाणं आहे. त्यातला तबला अनिल भागवत यांचा, आणि त्यांचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेलं आहे. पुस्तकाच्या सूचीत हे आडनाव शोधा. 'एक भारतीय तबलावादक' एवढ्यावर लेखकानं भागवलं असेल, तर वेष्टनही न वाचता हा पुस्तक लिहायला बसला असं समजा. लुइसननं त्यांना गाठून बोलतं केलंय. त्याच गाण्यातली मुख्य सतार जॉर्जचीच की लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधल्या कुणा वादकाची, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. ते मतभेद पुस्तकात दिसतात का, तेही बघा. तसंच जानेवारी १९६८. जॉर्ज मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता, शिवकुमार शर्मांचा संतूर त्यात आहे, आणि बीटल्सच्या 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीतही तिथंच झालं. या दिवसांना बऱ्याच पुस्तकांत दोन ओळी मिळतात. लेड झेपेलिन या बँडवरच्या पुस्तकात असंच १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईच्या वादकांबरोबर केलेलं रेकॉर्डिंग शोधायचं.

क्वीनच्या बाबतीत तर आपली गल्ली खरोखरच जवळ आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता. पियानो तिथं शिकला, शाळेतच 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला. निपाणीहून कोल्हापूर, कराड, सातारा करून वाईला आलं की पसरणी घाट चढायचा, वर पाचगणी. लेखकानं पाचगणी मुंबईच्या हाकेच्या अंतरावर आणून ठेवली असेल, किंवा आठ-दहा वर्षांच्या त्या वास्तव्याला एका परिच्छेदात उरकलं असेल, तर घडणीच्या वयातला फ्रेडी त्याला भेटलेलाच नाही. शाळासोबत्यांना शोधून बोलला असेल तर पुस्तक पुढे न्यायला हरकत नाही. दुसरी खूण: 'बोहेमियन रॅप्सोडी' या सिनेमात दाखवलंय की १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीआधीच त्यानं बँडला आपल्या एड्सच्या आजाराबद्दल सांगितलं. सिनेमावाल्यांनी ती सोय करून घेतली. त्याच्याबरोबर राहणाऱ्या जिम हटनच्या पुस्तकाप्रमाणे निदान झालं १९८७ मध्ये. सिनेमानंतर घाईनं निघालेल्या पुस्तकांत सिनेमाचीच कथा उतरवलेली असेल तर ती इथं पकडली जाते.

ज्यांना दुसरे बँड प्रिय आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी ओघात. कलावंताच्या आत्मचरित्रावर 'अमुकसह' असं दुसरं नाव दिसलं की नाक मुरडू नका. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सचं २०१० चं 'लाइफ' जेम्स फॉक्सनं लिहून काढलंय, पण आवाज कीथचाच. गिटारची सहावी तार काढून टाकून उरलेल्या पाच तारा सा-प-सा-ग-प अशा धर्तीवर कशा लावल्या आणि त्यातून स्टोन्सचा आवाज कसा बदलला, ही पानं गिटार हातात घेऊन वाचायची आहेत. ड्रम वाजवणाऱ्याचं पुस्तक असेल तर डोळे झाकून एकदा चाळा. मागं बसलेल्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात. पिंक फ्लॉइडचा निक मेसन पहिल्यापासून शेवटपर्यंत बँडमध्ये होता, असा तो एकटाच, आणि त्याचं 'इनसाइड आउट' मिश्कील आहे. भांडणांच्या जागी मात्र हा सभ्य माणूस पडदा ओढतो, म्हणून जोडीला मार्क ब्लेकचं 'पिग्ज माइट फ्लाय' लागतं. झेपेलिनचं १९८५ सालचं 'हॅमर ऑफ द गॉड्स' सगळ्यात जास्त खपतं आणि बँडला ते मुळीच मान्य नव्हतं; त्यातल्या बऱ्याच सुरस गोष्टी दौऱ्यांचा व्यवस्थापक रिचर्ड कोलकडून आलेल्या. कळलं कसं, याचं उत्तर मिळालं की गोष्टींना किती किंमत द्यायची ते ठरतं.

एकेका अल्बमवर एकेक छोटं पुस्तक, अशी 'थर्टी-थ्री अँड अ थर्ड' नावाची मालिका २००३ पासून चालू आहे. खिशाला परवडते, पण प्रत्येक पुस्तकाचा लेखक वेगळा आणि दर्जाही वेगळा. ब्लॅक सॅबथच्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वरचं पुस्तक तर चक्क कादंबरी आहे, मनोरुग्णालयातल्या एका मुलाची. मला ती आवडली, पण रेकॉर्डिंगची माहिती मिळेल म्हणून नेलेला एक पोरगा दुसऱ्याच दिवशी दारात हजर झाला.

खरेदीबद्दल. हल्ली ऑनलाइन यादीत वरच दिसणारी कितीतरी पुस्तकं माणसानं लिहिलेलीच नसतात. इंटरनेटवरचा मजकूर यंत्राकडून जुळवून, मागणी आली की एक प्रत छापून पाठवायची. ओळखायच्या खुणा सांगतो: प्रकाशकाचं नाव नाही, पानं शंभर-सव्वाशे आणि अक्षर मोठं, मागं सूची नाही, टिपा नाहीत, आणि त्याच लेखकाच्या नावावर फुटबॉलपटूपासून उद्योगपतीपर्यंत डझनावारी चरित्रं. सूची नसलेलं चरित्र मी तसंही बाजूलाच ठेवतो. दुसरा फसायचा मार्ग म्हणजे नाव. ब्लेकचं फ्लॉइडवरचं पुस्तक अमेरिकेत 'कम्फर्टेबली नंब' म्हणून निघालं, क्रेग ब्राउनचं तिकडं 'हंड्रेड अँड फिफ्टी ग्लिम्प्सेस ऑफ द बीटल्स'. दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवणारे भेटतात. किंडलवर नमुन्याची पानं फुकट वाचता येतात, भाषा झेपते का हे बघायला उत्तम. फोटोंचं पुस्तक मात्र किंडलवर घेऊ नका. फुटपाथवरच्या चोरट्या प्रतीत फोटो काळे ढब्ब आणि कधी मधली पानंच गायब. जुनी चांगली प्रत हवी असेल तर बेंगळूरला काही कामानं गेलात की चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तास काढा, पुण्या-मुंबईपेक्षा तिथं रॉकची पुस्तकं जास्त सापडतात. परदेशातून थेट मागवण्याच्या भानगडीत पडू नका, टपालखर्च पुस्तकाच्या वर जातो.

तर तुमच्यासाठी: तीन हजारांत हंटर डेव्हिसची नंतरची आवृत्ती आणि 'रिव्हॉल्यूशन इन द हेड', दोन्ही पेपरबॅक. मॅकडोनाल्डची शेवटची सुधारित आवृत्ती बघून घ्या, तो २००३ मध्ये गेला पण त्यानं केलेल्या दुरुस्त्या नंतरच्या छपाईत आहेत. डेव्हिस सलग वाचा. मॅकडोनाल्ड सलग वाचायला जाल तर अडकाल. रात्री एक गाणं लावा आणि त्या गाण्याचंच पान वाचा, मग इंग्रजी जड वाटत नाही. एकच घ्यायचं असं ठरलं तर मॅकडोनाल्ड, कारण इतकी वर्षं ऐकणाऱ्या माणसाला कथेची रूपरेषा माहीत असतेच. पैसे उरले तर अजय बोस. 'ट्यून इन'ची विस्तारित आवृत्ती स्वतः घेण्याऐवजी वाचनालयाच्या सूचनावहीत लिहून बघा. बेळगावच्या वाचकांनी मागितलेली बरीच अवघड पुस्तकं आमच्याकडून वाचनालयांत गेलेली आहेत.

वहिनींसाठी मार्क ब्लेकचंच क्वीनवरचं 'इज धिस द रिअल लाइफ', २०१० चं. चौघांनाही त्यात जागा आहे आणि शाळेपासूनची माणसं शोधून त्यानं बोलतं केलंय. जिम हटनचं 'मर्क्युरी अँड मी' लहान आहे, घरातल्या फ्रेडीबद्दल आहे, बागेतले मासे आणि मांजरं यांच्यासकट, आणि शेवटची वर्षं वाचताना गलबलतं. पण ते ब्लेकनंतर द्या. उलट क्रमानं वाचलं तर बँडमध्ये आणखी तिघं होते हेच लक्षात राहत नाही.